दोन्ही विधानं एकत्र घेऊनही

गुंडुपल्ले, बनगानपल्लेजवळ
२४ ऑगस्ट २००५

मद्दिलेटी अण्णा,

मी सुंकुलम्मा. नंद्यालला हॉस्टेलात तुमच्या खोलीत राहतात, त्यांची बायको. नाव घेत नाही, तुम्ही ओळखाल. आपण कधी भेटलो नाही, पण ह्यांच्या तोंडून तुमचं इतकं ऐकलंय की तुम्ही ताटात भात उरवता आणि मॅनेजरची बोलणी खाता, हेसुद्धा मला ठाऊक आहे.

कामाचं लिहिते. मंगळवारी बँकेच्या परीक्षेचा निकाल लागणार, पास होवो नाहीतर नापास, दुसऱ्या दिवशी घरी येतो, असं ह्यांनी कळवलं होतं. तो बुधवार गेला, त्यानंतरचा आज आला. माणसाचा पत्ता नाही. आजारी आहेत का? रुसून बसलेत का? नापास झाले असतील तर त्यांना सांगा, आमच्या चुलीवरची भाकरी मार्क विचारून फुगत नाही. चौथ्यांदा नापास झाले म्हणून कुणी घराबाहेर उभं करणार नाही. सासरे फरशीच्या खाणीवर जातात, धाकटा दीर पुल्लन्ना जातो, हेही जातील. मी काय, मला खाणीवरचा माणूसही चालेल, पण घरात हवा.

तुमच्या हॉस्टेलात फोन नाही आणि आमच्या गावात आहे तो सरपंचाच्या घरी, आणि सरपंच आम्हांला पाण्यात पाहतो. म्हणून पत्र. अत्तम्मा, म्हणजे माझी सासू, बसचा हॉर्न वाजला की हातातलं टाकून उठते. तिचे गुडघे काही पोरीचे नाहीत. लवकर पाठवून द्या.

सुंकुलम्मा


नंद्याल
२८ ऑगस्ट

वदिना,

तुम्ही माझ्या वहिनीच, म्हणून वदिना म्हणतो. तुमचं पत्र वाचलं. ओबुलेसू घरी आला नाही? मी तर समजत होतो की तो तुमच्याजवळ बसून मला शिव्या घालत असेल.

निकाल लागला, माझा नंबर यादीत होता. त्याचा नव्हता. वदिना, मला रिझनिंग त्यानं शिकवलं. मी पास झालो ते त्याच्या जिवावर. दुपारी त्यानं मला मिठी मारली, 'भात संपवत जा आता, साहेब झालास' म्हणाला. त्याची वयाची मर्यादा संपली होती, पुढची परीक्षा त्याला नव्हती. पुस्तकं नव्या पोरांना वाटून टाकली, पिशवी उचलली आणि 'घरी जातो' म्हणून निघाला. चेहरा बरा होता. खरंच बरा होता. वाईट दिसला असता तर मी सोडला असता का?

पत्र आल्यावर मी सगळीकडे फिरलो. बसस्टँड, रेल्वे, सरकारी दवाखाना. शेवटी क्लासमागच्या कालव्यावर गेलो. तिथे उतरायच्या दगडी पायऱ्या आहेत. चहाच्या टपरीवाल्यानं त्या पायरीवरून चपला उचलून ठेवल्या होत्या. डाव्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. तो मीच बांधून दिला होता.

पोलिसांत कळवलंय. तुमच्या सासऱ्यांना ताबडतोब पाठवा. हे असं पत्रात लिहावं लागतंय, मला माफ करा.

मद्दिलेटी


गुंडुपल्ले
१९ सप्टेंबर

अण्णा,

सासरे परत आल्यावर आमच्याकडे काय काय झालं ते तुम्हांला कुणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

कालव्यात जाळी टाकली, खालच्या दरवाजापर्यंत माणसं गेली, काही हाती लागलं नाही. सासरे चपला टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. झालं. सगळ्या गावानं उत्तर काढून टाकलं. चपला पाण्याकाठी म्हणजे माणूस पाण्यात. दुसऱ्या दिवशी चारजणी आल्या, माझ्या बांगड्या फोडायला. मी मुसळ घेऊन दारात उभी राहिले. म्हटलं, या, आधी कुणाच्या फोडू? गेल्या आल्या पावली. आता विहिरीवर माझ्याशी कुणी बोलत नाही. बरंच आहे, पाणी लवकर मिळतं.

पण अण्णा, मुसळ खाली ठेवल्यावर मी काय करू? जोडवी घातली तर निर्लज्ज, काढली तर आपल्या हातानं मारला. अत्तम्मा दारातच झोपते आताशा. म्हणते, आत झोपले आणि तो आला तर ऐकू येणार नाही. मला मध्येच विचारते, 'तू काय धरून चाललीस, आहे की नाही?' मी काय सांगू?

हे सुट्टीत आले की चुलीपाशी बसून मला तुमची ती गणितं घालायचे. वर एक प्रश्न, खाली दोन विधानं. उत्तर काढायचं नाही, दिलेल्या माहितीत उत्तर निघतं की नाही, एवढंच सांगायचं. एकदा म्हणाले, 'के हे एमचं भावंड आहे. तर एम हा केचा भाऊ आहे का?' मी म्हटलं, के म्हणजे कुठल्या घरचा, असं नाव असतं का कुणाचं? खूप हसले. मग म्हणाले, 'एम बहीणही असू शकते ना? कुणी सांगितलं तुला की एम पुरुष आहे?' दहावी शिकलेय मी, पण ते डोक्यात पक्कं बसलं. कुणी सांगितलं नसेल तर धरून चालायचं नाही.

मग तुम्हीच सांगा. तुमचा तो धंदा आहे. एक, चपला पाण्याकाठी सापडल्या. दोन, पिशवी कुठेच सापडली नाही. माहिती पुरेशी आहे का?

सुंकुलम्मा


नंद्याल
२६ सप्टेंबर

वदिना,

आधी हे सांगा, काही कळलं का? रोज टपालाच्या वेळी मी हॉस्टेलच्या फाटकाशी उभा असतो.

आता तुमच्या प्रश्नाचं. एक गोष्ट मी पोलिसांना सांगितली, त्यांनी लिहून घेतली नाही. तुमच्या सासऱ्यांना सांगायचा धीर झाला नाही, ते चपला छातीशी धरून बसले होते. आमच्या क्लासच्या पोरांची एक रीत आहे. इथलं संपलं, नोकरी लागून म्हणा की थकून म्हणा, की पोरगा आपल्या जुन्या चपला कालव्यावरच्या चिंचेखाली सोडतो आणि बसस्टँडपर्यंत अनवाणी जातो. हॉस्टेल ते क्लास एवढीच वाट चाललेली चप्पल घरच्या उंबऱ्यावर न्यायची नाही. पुढच्या आठवड्यात मीही सोडणार आहे. त्या चिंचेखाली नेहमी एक ढीग असतो, चांभार येऊन घेऊन जातो.

म्हणजे चपला सोडल्या यावरून काहीच ठरत नाही. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? त्या चिंचेखाली नव्हत्या, पायरीवर होत्या. झाडाखाली असत्या तर मी हसत हसत तुम्हांला लिहिलं असतं. आणि पिशवी? पिशवी घेऊन तो कुठे गेला असेल, नाहीतर काठावरची पिशवी कुणी लांबवली असेल.

पहिलं विधान एकटं पुरत नाही. दुसरं पुरत नाही. दोन्ही एकत्र घेऊनही पुरत नाहीत. परीक्षेत हा चौथा पर्याय. त्यावर खूण करताना पोरांचा हात अडतो. वाटतं, आपल्याला सुटत नाही म्हणून आपण हे म्हणतोय. ओबुलेसू फळ्यापाशी उभा राहून ओरडायचा, 'अरे गाढवांनो, तुमच्या पोटातली भीती विधानात घालू नका! कागदावर आहे तेवढंच वाचा!'

म्हणून सांगतो, जोडवी काढू नका. कुणी काही म्हणो.

मद्दिलेटी


गुंडुपल्ले
३० नोव्हेंबर

अण्णा,

तुमचा पहिला प्रश्न दर पत्रात तोच असतो, म्हणून पहिलं उत्तर. नाही, काही कळलं नाही.

तुमचं चपलांचं पत्र मी अत्तम्माला वाचून दाखवलं. तिनं तीनदा वाचायला लावलं. मग त्या चपला देवापाशी होत्या, त्या उचलून दाराबाहेर ठेवल्या. म्हणाली, अनवाणी येईल, आल्या आल्या पायात घालायला लागतील. त्या दिवशी ती जेवली. तुमच्या पत्रानं माझी सासू जेवली, हे तुम्हांला कळावं म्हणून लिहिलं.

तेवढंच चांगलं. बाकी घरात रोज कटकट. पुल्लन्नाचं लग्न ठरलंय, अवुकू गावची मुलगी, नाकीडोळी नीटस, बोलायला माझ्यासारखी नाही म्हणून सगळे खूश. पण तिचा बाप म्हणतो, 'तुमच्या घरात सुतक आहे की नाही ते आधी ठरवा. मोठी सून सवाष्ण की विधवा? माझ्या पोरीच्या हळदीला कोण बसणार?' त्याचं चुकलं असं कसं म्हणू? मलाच माहीत नाही की मी हळदीला बसायचं की मागच्या खोलीत.

सासरे माझ्याशी बोलत नाहीत. ते वाईट नाहीत. खाणीवरून येतात आणि हात धुवायचे विसरून तसेच पांढऱ्या हातांनी बसून राहतात.

आणि अण्णा, मला ह्यांचा राग येतो. असा राग येतो की वाटतं, जिवंत असतील तर या घरात पाऊल टाकू द्यायचं नाही. मग लगेच वाटतं, देवा, माझं ऐकू नको, टाकू दे पाऊल. 

तुमचं जेवणाचं कसं आहे? साहेब झालात, आता तरी भात उरवू नका.

सुंकुलम्मा


ब्याडगी, कर्नाटक
१० जानेवारी २००६

वदिना,

काही कळलं का?

मला इथे नेमणूक मिळाली. मिरचीचं गाव. बाजाराच्या दिवशी सगळं गाव लाल आणि सगळं गाव शिंकतं. मी पहिल्या दिवशी डोळे पुसत पुसत सह्या केल्या, शिपायाला वाटलं साहेबाला घरची आठवण येतेय. त्याचंही काही चुकलं नव्हतं.

इथली माणसं चांगली आहेत. कानडी जमत नाही अजून. जे लागेल ते मला कळवत जा. परका समजू नका.

मद्दिलेटी


गुंडुपल्ले
५ फेब्रुवारी

अण्णा,

नाही, काही कळलं नाही. आता कळण्याची मुदतही ठरली.

पंच बसले होते. माणूस हरवला तर बारा वर्षं वाट बघायची, असं मी म्हणाले. म्हाताऱ्या पेद्दन्नानं सांगितलं, 'बारा वर्षं थांबणं जमीनदारांना परवडतं पोरी. तुझ्या सासूकडे बारा वर्षं आहेत का?' अत्तम्मा आता नीट चालत नाही. दारात थंडीत झोपून छाती भरलीय.

उगादीपर्यंत, नवं वर्ष लागेपर्यंत, थांबायचं ठरलं. उगादीनंतरच्या गुरुवारी ज्वारीच्या धाटांचा माणूस करायचा, त्याला ह्यांचा शर्ट घालायचा आणि पुरायचा. मग माझं जे करायचं ते करायचं. मग हळद, मग लग्न.

अण्णा, मी हट्टी आहे पण वेडी नाही. मेले असतील तर मला सांगा, मी माझ्या हातानं खड्डा खणीन. जिवंत असतील तर सांगा, मी सगळ्या गावाशी भांडेन, बारा काय चोवीस वर्षं भांडेन. जिवंत माणसाला पुरायला मी बसणार नाही. माझ्यानं ते होणार नाही. तुमच्याशिवाय मला विचारायला कुणी नाही.

सुंकुलम्मा


ब्याडगी
४ मार्च

वदिना,

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, बँकेत काम फार आहे. यंदा मिरचीला भाव बरा आहे. गुंटूरकडूनही माल येतो. मी इथे एक खोली घेतलीय, मालकीणबाई ज्वारीची भाकरी चांगली करतात, आपल्याकडच्यासारखीच. मला खोकला झाला होता, आता बरा आहे.

पंचांनी ठरवलंय ते विचार करूनच ठरवलं असेल. मोठ्या माणसांचं ऐकावं असं मला आता वाटतं. तुम्ही किती दिवस एकट्या लढणार? अत्तम्मांच्या तब्येतीकडे बघा. पुल्लन्नाचं लग्न होऊन जाऊ द्या. तुमचं वय काही फार नाही, माहेरी भाऊ आहेत, पुढे तुमचंही काही चांगलं होऊ शकेल. माझ्याकडून काही हवं असेल तर निःसंकोच कळवा.

तब्येतीला जपा.

मद्दिलेटी


गुंडुपल्ले
९ मार्च

अण्णा,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. मिरचीचा भाव कळला, मालकीणबाईची भाकरी कळली.

एक. चपला सापडल्यापासूनच्या तुमच्या एकूण एक पत्रात 'काही कळलं का' असं असतं. ह्या पत्रात नाही. एवढ्यानं काही ठरत नाही. कामाच्या गडबडीत माणूस विसरू शकतो.

दोन. सप्टेंबरात जोडवी काढू नका म्हणून बजावणारा माणूस आता पुरून टाका म्हणतो. एवढ्यानंही ठरत नाही. माणूस थकतो, त्याचं मत बदलतं.

पण दोन्ही एकत्र घेतली तर? ज्याला कळलंय तोच विचारायचं सोडतो. आणि मेल्याचं कळलं असतं तर तुम्ही पत्र पाठवलं नसतं, मिरचीच्या गप्पा तर मुळीच मारल्या नसत्या. रजा टाकून आला असता, माझ्या सासऱ्यांच्या पायाशी बसला असता. तेवढं मी तुम्हांला ओळखते, न भेटता.

हे जिवंत आहेत. तुम्ही त्यांना पाहिलंय.

परीक्षेत एवढ्यावर थांबतात म्हणे. मला थांबता येत नाही. कुठे आहेत? दुसरी बाई आहे का? हात-पाय गेलेत का? तुरुंगात आहेत का? काय आहे ते लिहा. उगादी तोंडावर आली. आणि पुन्हा मला भाकरीचं लिहाल तर बघा.

सुंकुलम्मा


ब्याडगी
१५ मार्च

वदिना,

हो.

बँकेनं कर्ज दिलेल्या गोदामातला माल तपासायला बाजारात गेलो होतो. एका अडतीवर काट्यापाशी कुणीतरी वजनं पुकारत होतं, कानडी शब्द आणि सूर आपल्याकडचा. बघितलं तर ओबुलेसू. दाढी वाढलेली, डोक्याला फडकं. मी हाक मारली, ऐकलं नाही. मग म्हटलं, 'अरे गाढवा!' तेव्हा मान वर केली.

म्हणाला, 'सुटलास की रे तू. भात संपवतोस वाटतं.'

मी त्याचं मनगट धरलं. चहाच्या गाड्यावर नेऊन बसवलं. म्हटलं, 'तुझ्यासाठी कालव्यात जाळी टाकली होती, माहितीये?'

'ऐकलं. नंद्यालच्या ट्रकवाल्यानं सांगितलं. काही मिळालं का?'

'थोबाड फोडीन! पायरीवर कशाला ठेवल्यास चपला? झाडाखाली ठेवतात ना?'

'झाडाखाली कुत्री व्याली होती रे. जवळ जाऊ देईना. म्हणून पायरीवर ठेवल्या.'

वदिना, एवढंच. एवढंच होतं.

मी विचारलं, मग घरी का नाही गेलास? चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, 'बसस्टँडवर गेलो. गावची बस समोर उभी होती. आईला काय सांगायचं ते मनात म्हणून बघत होतो. जमेपर्यंत बस सुटली. पुढची आली, तीही सुटली. चार वर्षं तिनं कानातलं मोडून मला शिकवलं, आणि मी गेलो की ती हसून म्हणणार, असू दे बाळा. ते मला ऐकवेना. गुंटकलची गाडी आली तिच्यात बसलो, म्हटलं जमलं की जाऊ. मग कळलं की मी मेलोय. मद्दिलेटी, तुला खोटं वाटेल, त्या दिवशी मी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवलो. मेलेल्याला कुणी मार्क विचारत नाही.'

'आणि वदिना?' मी म्हटलं.

'तिला सांगू नकोस.'

'ती तुझ्यासाठी मुसळ घेऊन दारात उभी राहिली रे!'

तेव्हा रडला. पण म्हणाला, 'सांगितलंस तर इथूनही जाईन. मग तुलाही सापडणार नाही.' माझ्या आईची शपथ घातली.

दुसरी बाई नाही. धडधाकट आहे. आडत्यांच्या ओळीत शेवटच्या दुकानात असतो, सोमवार-गुरुवार काट्यावर. शपथ मोडली. माझी आई मला माफ करील, तुम्ही कराल की नाही माहीत नाही. उगादीच्या आत त्याला बखोटीला धरून आणू का? तुम्ही म्हणाल तसं करतो.

मद्दिलेटी


गुंडुपल्ले
९ एप्रिल

अण्णा,

गुरुवारी पुरलं. धाटांचा माणूस सासऱ्यांनीच बांधला, निळा शर्ट घातला, चपला त्याच्या पायाशी ठेवल्या. अत्तम्मा खूप रडली. इतके महिने तिला रडताही येत नव्हतं, रडलं तर अपशकुन होईल म्हणून. मग ती आत येऊन झोपली. पहिल्यांदा घरात झोपली, अगदी घोरत. सकाळी उठून म्हणाली, 'पोरी, भूक लागलीय.' जोडवी मी माझ्या हातानं काढली, कुणाला हात लावू दिला नाही. पुल्लन्नाची हळद वैशाखात आहे. मी मागच्या खोलीत बसेन.

तुम्ही दचकला असाल. जिवंत माणसाला पुरायला बसणार नाही, असं मीच लिहिलं होतं. अत्तम्माला काही सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगायचं नाही. सांगितलं असतं तर ती गुडघ्यांवर रांगत ब्याडगीला गेली असती, आणि तो तिथून पळाला असता. एकदा रडून ती मोकळी झाली. तिला पुन्हा दारात झोपवायला माझं मन होत नाही.

ओबुलेसू. नाव लिहिलं, बघा. आता लिहायला हरकत नाही.

मी ब्याडगीला आले होते. उगादीच्या आधीच्या सोमवारी. घरी सांगितलं माहेरी जाते, आणि नंद्यालहून गाडीत बसले. तुमच्या बँकेत आले नाही, तुम्ही मध्ये पडला असता. गाडीत सगळं ठरवून ठेवलं होतं. आधी दोन थोबाडीत द्यायच्या आणि मग विचारायचं, जेवलास का? एवढंच. मार्कांचं काढायचं नाही. हाताला धरून गाडीत बसवायचं. त्याच्या वाटणीच्या भाकरी बांधून आणल्या होत्या, वर शेंगदाण्याची चटणी.

आडत्यांच्या ओळीत शेवटच्या दुकानापुढे बायका मिरच्यांचे देठ मोडत बसल्या होत्या. सगळ्यांच्या नाका-तोंडाला पदर बांधलेला. मीही बांधला आणि कडेला बसले. कुणी विचारलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते सगळ्यांच्याच येत होतं.

तो काट्यापाशी होता. हडकलाय. कानाशी पांढरं झालंय. आणि अण्णा, तो गुणगुणत होता. वजन पुकारायचा आणि मधल्या वेळात गुणगुणायचा, मान हलवत. लग्न होऊन आले तेव्हापासून तो त्या पुस्तकांतच होता. मी त्याला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, त्याला सूरच नाही.

मी उठले. त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिले. भाकरीचं गाठोडं हातात होतं. मागून हमाल पोतं घेऊन येत होते. त्यानं माझ्याकडे बघितलं. माझे नुसते डोळे दिसत असतील, लाल झालेले. ओळखलं की नाही, देवाला ठाऊक.

म्हणाला, 'अम्मा, जरा सरका, पोतं येतंय.'

मी सरकले.

सुंकुलम्मा